कॅरिअर नांवाची जुनी युद्धगाडी व तिची घरगुती दुरुस्ती

मुळशी तालुक्यांतील ज्या नेरे गांवीं आम्ही राहतों, तेथें शेजारच्या हिंजवडीची वस्ती वाढत वाढत आतां भाताच्या खाचरांपर्यंत येऊन ठेपली आहे. ज्या बांधांवर पूर्वीं बगळे बसत, तेथें आज पोकलेन यंत्र उभें असतें. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं असें एक यंत्र ओल्या खाचरांतून सुखरूप पलीकडे गेलें, आणि त्याच्या मागोमाग गेलेली मालमोटार मात्र आंसापर्यंत रुतून बसली. हें पाहून नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें दुसऱ्या दिवशीं आमच्यापुढें दोन प्रश्न आणले. पोकलेन एवढें जड असून रुततें कां नाहीं, हा पहिला. दुसरा प्रश्न त्याच्याजवळच्या एका छायाचित्रावरून निघाला होता. इंग्लंडांतील कोणा गृहस्थाच्या घरामागील पडवींत दुसऱ्या महायुद्धांतील एक लहानशी चेनची गाडी उघडून ठेवली होती, आणि तो गृहस्थ गुडघ्यांवर बसून तिची दुरुस्ती करीत होता. "सर, असली लढाईची गाडी घरीं दुरुस्त करतां येते का? आणि येत असली तरी ती कशाला करायची?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं तेथल्या तेथें दिलें. दुसऱ्याचें उत्तर देण्यास हा लेख लिहावा लागत आहे.

ज्यानें कधीं चिखलणी केली आहे त्यास पहिली गोष्ट निराळी सांगावयास नको. खाचरांत नुसता पाय टाकिला तर तो पोटरीपर्यंत जातो. परंतु तेथेंच एक फळी टाकून तिजवर उभें राहिलें तर चार बोटेंही खालीं जात नाहीं. मनुष्याचें वजन तेंच, पण तें अधिक जागेवर पसरलें. चेनची गाडी हेंच करते. तिच्या दोन्ही बाजूंस लोखंडी कड्यांचा एकेक अखंड पट्टा असतो. दांतेरी चाक तो पट्टा ओढतें, आणि गाडीचीं बाकीचीं चाकें त्या पट्ट्याच्या आंतल्या अंगावरून, जणूं रुळांवरून, चालतात. पट्टा पुढें जमिनीवर अंथरला जातो व मागून उचलला जातो. म्हणजे ही गाडी आपली वाट आपणच घालते आणि आपणच गुंडाळून घेते.

आतां छायाचित्रांतील गाडी. तिचें नांव युनिव्हर्सल कॅरिअर. ब्रेन नांवाची हलकी मशीनगन तींतून नेत, म्हणून सैनिकांच्या तोंडीं ब्रेन कॅरिअर हेंच नांव बसलें. रणगाडा म्हणावा तर तिला बुरूज नाहीं, मोठी तोफ नाहीं, वर छतही नाहीं. लांबी सुमारें बारा फूट, उंची पांच फुटांहून थोडी अधिक, वजन पावणेचार टनांच्या आसपास. अंगावर ७ ते १० मिलिमीटर जाडीचा चिलखती पत्रा. तीन-चार माणसें, एक मशीनगन, थोडा दारूगोळा घेऊन ही गाडी सपाट जागीं ताशीं तीस मैल धांवे. १९३४ पासून पुढें निरनिराळ्या देशांत अशा एक लाखाहून अधिक गाड्या झाल्या. चिलखती युद्धगाड्यांत हिच्याइतकी संख्या दुसऱ्या कोणत्याही एका गाडीची भरत नाहीं. आपल्या देशांत त्या वेळीं चेनची गाडी न करितां तिचा चाकांवरचा भाईबंद तयार झाला. कॅनडाहून आलेल्या फोर्ड सांगाड्यावर टाटांच्या पोलादाचे पत्रे चढवून तो केलेला असे, व सैन्यांत त्यास टाटानगर असेंच म्हणत.

या गाडीच्या कुळाची कथा आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास फार जवळची आहे. १९२५ सालीं ब्रिटिश सैन्याच्या इंजिनिअर दलांतील मेजर मार्टेल यांच्या मनांत आलें कीं, एका माणसापुरती चिमुकली चिलखती गाडी कां करूं नये? सरकारची वाट न पाहतां त्यांनीं आपल्या घरच्या गॅरेजांतच जुने मोटारीचे भाग जमवून ती स्वतः तयार केली. तिचें काम पाहून सैन्याच्या अधिकाऱ्यांस ती कल्पना पटली. त्याच सुमारास जॉन कार्डेन व व्हिव्हियन लॉइड या दोघा इंग्रज गृहस्थांनीं तसल्याच लहान गाड्या बनविण्यास आरंभ केला. १९२८ सालीं विकर्स कंपनीनें त्यांचा कारखाना घेतला, आणि त्यांच्या गाड्यांचीच वंशज पुढें कॅरिअर म्हणून प्रसिद्धीस आली. म्हणजे जी वस्तु आज कोणी घरीं दुरुस्त करितो, तिच्या कुळाचा एक मूळपुरुष घरींच जन्मला होता.

घरगुती दुरुस्तीस ती सोपी पडण्याचें आणखी एक कारण तिच्या पोटांत आहे. गाडीच्या मध्यभागीं जें यंत्र बसविलेलें असतें तें फोर्ड कंपनीचें आठ सिलिंडरांचें, सुमारें ८५ अश्वशक्तीचें साधें मोटारीचें यंत्र. १९३२ सालीं फोर्डनें आठही सिलिंडर एकाच ओतकामांत ओतून तें सामान्य माणसाच्या मोटारीसाठीं काढलें. मागला आंसही मोटारीच्याच धर्तीचा. त्यामुळें ज्याचा हात मोटारीवर बसला आहे त्यास या गाडीचें अर्धें अंग ओळखीचें वाटतें. अनोळखी वाटते ती वळण्याची रीत. सुकाणूचें चाक थोडें फिरविलें कीं पुढील दोन चाकांची जोडी एका नळीसह आडवी सरकते व चेनच धनुष्यासारखी किंचित् वांकते. गाडी सावकाश वळते. चाक अधिक फिरविलें तर एका बाजूच्या चेनला ब्रेक लागतो आणि गाडी त्या अंगास गर्रकन फिरते. पोकलेनमध्यें दोन दांडे असतात. येथें एकाच चाकानें दोन्ही कामें होतात. ज्या कोणाच्या डोक्यांतून ही युक्ति निघाली त्याचें आम्हांस फार कौतुक वाटतें.

परंतु यंत्राचें कौतुक करतां करतां तें कशासाठीं केलें हें विसरतां कामा नये. तें माणसें मारण्यासाठीं केलेलें होतें. आमच्या विद्यार्थ्याच्या "कशाला" या शब्दांत हाच कांटा होता, हें आम्हांस ठाऊक आहे, कारण त्याच आठवड्यांत वर्गांत यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांतील तरवारींचे फाळ करण्याची गोष्ट झाली होती. तिचा प्रत्यक्ष अनुभवही जगानें घेतला आहे. महायुद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियांतील शेतकऱ्यांनीं मोडीच्या भावानें कॅरिअर घेतले, त्यांचे चिलखती पत्रे कापून काढिले, आणि झाडें ओढण्यास व जमीन साफ करण्यास ते जुंपले. आपल्या देशांतही महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यानें मागें ठेविलेले चेनचे ट्रॅक्टर घेऊन सरकारनें मध्य भारतांतील कांस गवतानें ग्रासलेली जमीन नांगरून काढण्याचें काम चालविलें होतें. मग जी गाडी नांगर ओढीत होती तिला पुन्हां युद्धाचा वेष कां चढवावा?

या प्रश्नास उत्तर म्हणून आम्ही खडकीच्या एका तरुणाची गोष्ट सांगतों. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत हे बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या पलटणीचे. त्या पलटणीचें ठाणें नेऱ्यापासून फार लांब नाहीं. तें पुण्याजवळ खडकीस आहे. १९४१ च्या जानेवारीअखेरीस सुदानच्या सीमेवरून ॲबिसिनियांत गोंदर शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शत्रूनें जागोजाग सुरुंग पेरले होते. सैन्याच्या अग्रभागीं कॅरिअरमध्यें बसून ते सुरुंग शोधण्याचें व काढण्याचें काम या बावीस वर्षांच्या तरुणाकडे आलें. चार दिवसांत, ९६ तासांत, ५५ मैलांच्या वाटेवर त्यांनीं पंधरा ठिकाणचे सुरुंग काढविले. दोन वेळां त्यांच्या खालचा कॅरिअरच सुरुंगानें उडाला व बरोबरचे लोक पडले. स्फोटानें त्यांच्या एका कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनीं काम दुसऱ्याच्या हातीं दिलें नाहीं. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धांत तो मिळविणारे ते पहिले भारतीय अधिकारी होत. पुढें ते लेफ्टनंट जनरल झाले व १९७५ सालीं वारले.

हें वाचून ज्यास कॅरिअरचा तळ पाहावासा वाटेल, सात-दहा मिलिमीटरच्या पत्र्यावर बसून सुरुंगांवरून जाणें म्हणजे काय हें बोटानें चांचपून पाहावेंसें वाटेल, त्याची ती इच्छा आम्हांस युद्धलालसा वाटत नाहीं. चित्रांत पत्र्याची जाडी कळत नाहीं. तो हातीं लागतो तेव्हां कळते.

आतां दुरुस्तीकडे वळूं. शेतांत किंवा भंगारांत पडलेली अशी गाडी मिळाली म्हणजे नवशिक्या मनुष्य प्रथम पाना हातीं घेतो. जाणता मनुष्य प्रथम वही घेतो. गाडी आहे तशी चारी बाजूंनीं, आंतून व खालून टिपून घ्यावयाची. प्रत्येक भाग सोडवितांना त्यास चिठ्ठी बांधावयाची. बोल्ट ज्या भोंकांतून निघाला त्याच्याच नांवाच्या डब्यांत ठेवावयाचा. आज जें आपणांस हमखास आठवेल असें वाटतें तें दोन वर्षांनीं आठवत नाहीं, आणि हें काम दोन वर्षांत क्वचितच संपतें. आणखी एक सावधगिरी सर्वांच्या आधीं हवी. जुन्या युद्धगाडीच्या तळांत, मातींत बुजलेलीं, जिवंत काडतुसें सांपडूं शकतात. तशी वस्तु दिसली तर तिला हात न लावितां पोलिसांस कळवावें. बंदुकीच्या बाबतींत तर कायदाच आड येतो, व तें योग्यच आहे.

मग येतो गंज, आणि खरी लढाई त्याच्याशींच. मुळशीच्या पावसाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस गंजाची ओळख करून देणें म्हणजे माशास पाणी दाखविण्यासारखें आहे. तथापि एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. लोखंडाचा गंज झाला कीं तो मूळच्या लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें पिन आणि तिचें भोंक यांच्यामधील केसाएवढी फट गंजानें गच्च भरते व पाचर मारल्यासारखी बसते. कॅरिअरच्या चेनला दर बाजूस दीडशेंहून अधिक कड्या, आणि प्रत्येक दोन कड्यांत एक पिन. घणानें ठोकून त्या निघतात असें नाहीं. उलट कडीच फुटते. तेल व रॉकेल घालून वाट पाहावी, पुन्हां घालावें, पुन्हां वाट पाहावी, हाच मार्ग.

लहान भागांसाठीं एक उपाय फार गमतीचा आहे, व तो आपल्या भागांत सहज होण्यासारखा आहे. उंसाची मळी एक भाग व पाणी नऊ भाग अशा मिश्रणांत गंजका भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेविला असतां गंज हळूहळू सुटून येतो आणि चांगलें लोखंड बहुतेक तसेंच राहतें. मळींतील द्रव्यें गंजांतील लोहास धरून पाण्यांत ओढतात. नेऱ्याजवळ कासारसाई-दारुंब्रे येथें साखर कारखाना आहे, पण मळी कोणासही वाटेल तशी विकत मिळत नाहीं, तिला परवाना लागतो. गुऱ्हाळाच्या काकवीवर काम भागवावें. वास मात्र असह्य येतो आणि माशा येतात, हें घरच्या मंडळींस आधीं सांगून ठेवावें. ॲल्युमिनियमचे भाग त्यांत घालूं नयेत, ते खाल्ले जातात. दुसरा उपाय विजेचा: धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत गंजका भाग ऋण टोंकास व एक टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोंकास जोडून बॅटरीचा मंद प्रवाह सोडावयाचा. धन टोंकास स्टेनलेस स्टील कधींही लावूं नये, त्यापासून विषारी द्रव्य पाण्यांत उतरतें. आणि हें काम बंद खोलींत करूं नये, कारण त्यांतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

यंत्र धरलें असेल, म्हणजे दट्ट्ये सिलिंडरांत घट्ट बसले असतील, तरीही तोच धडा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत पातळ तेल ओतावें व आठवडेच्या आठवडे थांबावें. मग चक्राला हलकेंच मागेंपुढें डोलवावें. इंचभर हललें तर तो दिवस सणाचा समजावा. या यंत्राच्या झडपा खालच्या ओतकामांतच असतात व त्याही गंजून बसतात. दट्ट्या सुटला म्हणून जोरानें फिरविलें कीं झडप वांकते. येथें उतावळेपणानें जितकीं यंत्रें मेलीं असतील तितकीं युद्धांत मेलीं नसतील, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

झिजलेल्या चेनचें गणित सायकलवाल्यास समजतें. प्रत्येक पिन थोडी थोडी झिजली कीं सारी चेन लांबते, ढिली पडते, आणि दांतेरी चाकावरून उडी मारते. पुढचें चाक सरकवून ती ताणतां येते. तेंही पुरेनासें झालें म्हणजे एक कडी काढून टाकावी लागते.

चिलखताच्या पत्र्यांविषयीं दोन शब्द. ते रिवेटांनीं, आमच्या मिस्त्री लोकांच्या भाषेंत रिबिटांनीं, जोडलेले असतात. लाल तापविलेलें रिबीट भोंकांत घालून एकानें मागून टेकण द्यावयाची व दुसऱ्यानें पुढून ठोकावयाचें. निवतांना तें आंखडतें आणि दोन्ही पत्रे आवळून धरितें. हें दोन माणसांचें व भट्टीचें काम आहे. म्हणून पुष्कळ हौशी लोक गोल डोक्याचे बोल्ट बसवून वेळ मारून नेतात. त्यांस आम्ही दोष देत नाहीं, पण तसें केल्याचें वहींत लिहून ठेवावें. नाहींतर पुढचा मनुष्य त्यालाच जुनें समजेल. कडक केलेल्या पत्र्यावर वेल्डिंगची ज्योत फार वेळ धरूं नये, त्याचा कडकपणा जातो. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस व जुन्या रंगांत शिसें असतें. तीं कोरडीं घासून त्यांची धूळ नाकांत जाऊं देणें म्हणजे फुप्फुसें विकून गाडी घेणें होय. पेट्रोलची रिकामी टांकी भरलेल्या टांकीहून अधिक घातक असते, कारण तींत वाफ असते.

आणि मग रंग. जी चूक सुधारतां येत नाहीं ती येथेंच होते. वाळूच्या माऱ्यानें गाडी एका दिवसांत चकचकीत होते, म्हणून बहुतेकांस तोच मार्ग आवडतो. परंतु त्या रंगाखालीं काय आहे हें आधीं पाहावें. एका कोपऱ्यांत पाणी लावून बारीक कागदानें हलकें घासलें म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाखालीं एक थर दिसूं लागतात: वर शेतकऱ्याचा रंग, त्याखालीं सैन्याचा हिरवा, कधीं त्याखालीं वाळवंटाचा पिवळट. टी या अक्षरानें सुरू होणारा सैन्याचा क्रमांक मिळाला तर त्यावरून ती गाडी कोणीं व कोणत्या मागणीवरून बांधली हें कळूं शकतें. पलटणीची खूण मिळाली तर ती कोठें लढली हेंही कळण्याची वाट निघते. तो थर गेला कीं गाडी राहते आणि तिची साक्ष जाते.

हें आम्ही पुस्तकावरून सांगत नाहीं. आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धांत फौजेंत मोटार हांकीत. त्यांची पत्र्याची पेटी आमच्या घरीं होती. झांकणावर पांढऱ्या रंगानें त्यांचें नांव, फौजेंतील नंबर व पलटण लिहिलेली, अर्धी पुसट. नेऱ्यास घर केलें त्या वर्षीं आम्हींच ती पेटी खरवडून काढून तिला हिरवा तेलरंग दिला. पेटी सुरेख दिसूं लागली. पुढें मोठ्या मुलीनें पणजोबांची माहिती विचारली तेव्हां आम्हीं फौजेच्या दप्तराकडे अर्ज करावयाचें ठरविलें, आणि अर्जांतील पहिलाच रकाना नंबराचा होता. वडील हयात नव्हते. नंबर त्या झांकणाखेरीज दुसऱ्या कोठेंही लिहिलेला नव्हता.

म्हणून आमच्या विद्यार्थ्याच्या "कशाला" या प्रश्नास आमचें उत्तर असें कीं, गाडी पुन्हां शस्त्र व्हावी म्हणून नव्हे, तर तिच्यावर बसलेल्या माणसांची खूण हरवूं नये म्हणून. आणि हा हेतु खरा असेल तर ती धांवलीच पाहिजे असें नाहीं. कित्येकदां गंज थांबवून, तेल देऊन, आहे तशी छपराखालीं ठेवणें हीच उत्तम दुरुस्ती. अहमदनगर शहरीं (आतां त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. व्हॅलेंटाईन, मटिल्डा, चर्चिल, पॅटन, आपला विजयंता, शिवाय रोल्स रॉइसची चिलखती मोटार, अशी मंडळी तेथें पाहावयास मिळतात. आम्ही मुलांस घेऊन गेलों तेव्हां मुलें तोफांकडे धांवलीं. आम्हीं त्यांस चेनच्या कड्या मोजावयास लाविलें, मग तीं वांकून खालीं पाहूं लागलीं, आणि एकानें विचारलें कीं आंतल्या माणसास बाहेर पडावयास वाट कोठून.

इकडे शाळेंत कॅरिअर येणें नाहीं. तरी त्या विद्यार्थ्यानें भंगारवाल्याकडून गंजून दांड्यासारखी ताठ झालेली एक सायकलची चेन आणिली, आणि विज्ञानाच्या खोलीमागें एका डब्यांत काकवीच्या पाण्यांत बुडवून ठेविली. सोळाव्या दिवशीं ती काढून धुतली तेव्हां तिच्या बहुतेक कड्या वळूं लागल्या होत्या. दोन अजून अडलेल्या होत्या. त्यानें घण मागितला. आम्हीं दिला नाहीं. चेन पुन्हां डब्यांत गेली आहे, व डब्यावर त्यानें तारीख लिहिली आहे.